डॉक्टरांचं माणूस आलं की नंबर ३१ चं काय करायचं?

गुरुवारची_नोंदवही (रत्नागिरी जिल्हा)

नमस्कार. गावाचं नाव लिहीत नाही, दवाखान्याचंही नाही. तालुक्याचं गाव आहे, खाली मेडिकल आणि वर दवाखाना. मी तिथे नंबर लावते. अकरा वर्षं झाली.

महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी आमच्याकडे कोल्हापुराहून हृदयाचे डॉक्टर येतात. सव्वानऊला पोचतात आणि चारला निघतातच. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की बोनेटपुढचं दिसत नाही, आणि एकदा दरड आल्यामुळे ते पाच तास गाडीत बसून होते. तेव्हापासून चार म्हणजे चार. माणूस चांगला आहे, हे आधीच लिहिते, नाहीतर खाली लगेच ‘हे सगळे डॉक्टर असेच’ सुरू होईल. म्हाताऱ्यांशी नीट बोलतात, ज्याच्याकडे नाहीत त्याचे पैसे घेत नाहीत. दिवसभरात ३५-३६ पेशंट होतात. एको (हृदयाची सोनोग्राफी) जास्त निघाले तर कमी.

माझ्या नोंदवहीत दोन प्रकारचे नंबर असतात. साधे, आणि ‘अ’चे. ७अ, १२अ, १५अ. ‘अ’ म्हणजे डॉक्टरांचं माणूस. मी कामाला लागले तेव्हा हे ‘अ’ म्हणजे गावातले स्वतः डॉक्टरच असायचे, महिन्यातून एखादा. मग त्यांच्या आई आल्या. मग सासरे. मग मेडिकलवाले, लॅबवाला, लॅबवाल्याचा साडू. फोन येतो, “आपल्याच एका डॉक्टरांचं माणूस आहे, जरा बघा.” ते ‘जरा बघा’ म्हणजे मी पेन उचलायचं आणि दोन नंबरांच्या मध्ये ‘अ’ लिहायचा. बाकड्यावर कुणाला काही सांगायचं नाही.

जुलैतल्या एका गुरुवारी साधे २७ आणि ‘अ’चे ९ झाले, आणि घड्याळात चार वाजले. नंबर ३१ खाडीपलीकडच्या वाडीतले एक बाबा होते. हापूसच्या बागेत राखणीला असतात. आधी तर (खाडीतली होडी), मग एसटी, असं करत पोचायला त्यांना दहा वाजले, म्हणून ३१. धाप लागते म्हणत होते, पाय सुजलेले. सहा तास बसले. मध्ये एकदा खाली जाऊन चहा पिऊन आले, तेही शेजारच्या बाईला “माझा नंबर बघा हां” सांगून. मी त्यांना म्हटलं, “बाबा, आता पुढच्या खेपेला.” ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जुने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीची गाठ मारली आणि विचारलं, “सव्वाचारची गाडी अजून असेल काय गं बाय?”

दोन आठवड्यांनी आले, पहिला नंबर मीच देऊन ठेवला होता. औषधं सुरू झाली, आता बरे आहेत. काही झालं नाही त्यांना. काही झालं असतं तर मी हे इथे लिहिलं असतं की नाही, माहीत नाही.

रात्री मी ते नऊ ‘अ’ परत वाचले. त्यातले स्वतः डॉक्टर दोन. बाकी सात कुणाचे कोण. आणि आता जे लिहायला नको वाटतंय ते लिहिते. फेब्रुवारीत १०अ माझी आत्या होती. बीपी थोडं वाढलं होतं, एवढंच. मी स्वतः पेन उचललं होतं. कुणाचा फोनसुद्धा आला नव्हता.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, “आमच्या व्यवसायातली जुनी रीत आहे ती. शपथेतच आहे म्हण.” खरंच आहे का? आणि असली तरी मी काय करू? नोकरी सोडा म्हणू नका, ते माझं मला कळतं.

पेन्शनीतला_एमबीबीएस (चिपळूण)

ताई, तुमच्या डॉक्टरांचं अर्धं बरोबर आहे.

हिपोक्रेटिसच्या शपथेत असं आहे की ज्याने मला ही विद्या शिकवली त्याला आईवडिलांसारखं मानीन, त्याच्या मुलांना भावांसारखं, आणि त्यांना शिकायचं असेल तर फी न घेता शिकवीन. बस. तिथे बाकडंही नाही आणि नंबरही नाही. पुढे १८०३ मध्ये इंग्लंडातल्या थॉमस पर्सिव्हल नावाच्या डॉक्टरने वैद्यकीय नीतीवर लिहिताना सहकाऱ्यांना आणि त्यांच्या बायकामुलांना मोफत तपासावं अशी रीत घालून दिली. अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने १८४७ मध्ये ती आपल्या नियमांत घेतली. त्यामागे कारण होतं. आजारी डॉक्टरला स्वतःच्या दुखण्याचा नीट निवाडा करता येत नाही, घरच्यांच्या बाबतीत तर हात थरथरतो. त्याने दुसऱ्याकडे जावं, संकोच करू नये, म्हणून पैशाची अडचण काढून टाकली.

आपल्याकडे मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत. त्यांच्या चौथ्या प्रकरणात पहिलंच कलम हे की दुसऱ्या डॉक्टरची आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या जवळच्या कुटुंबीयांची विनामूल्य सेवा करणं हा आनंद आणि मान समजावा. २०२३ मध्ये नवे नियम आले, पण महिन्याच्या आतच ते स्थगित झाले, म्हणून हेच चालू आहेत. आता हे कलम नीट वाचा. विनामूल्य म्हटलंय, आधी म्हटलेलं नाही. फी सोडली तर डॉक्टरच्या खिशातून जाते. नंबर सोडला तर तो डॉक्टरचा नव्हताच, तुमच्या त्या बाबांचा होता. चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली, हा फरक मलाही कुणी शिकवला नाही, आणि मी ‘अ’ नंबर भरपूर लावलेत. आमच्याकडे त्याला ‘अ’ म्हणत नसत, चिठ्ठीच्या कोपऱ्यात फुली मारत.

स्वतः डॉक्टरला आधी घ्यावं, याला एक रास्त कारण आहे. त्याच्या दारात त्याचे तीस पेशंट खोळंबलेले असतात. १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा आरोग्य कर्मचाऱ्यांनाच दिली, ती ते मोठे लागून गेले म्हणून नव्हे. ते आडवे पडले असते तर बाकीच्यांना बघणार कोण? पण हे कारण सासऱ्यांना लागू पडत नाही. साडूला तर नाहीच.

आणि एक गंमत सांगतो, जी डॉक्टर लोक घरीसुद्धा बोलत नाहीत. मधून घुसलेल्या पेशंटची तपासणी बहुतेक वेळा वाईट होते. १९६४ मध्ये वाइनट्रॉब नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने बड्या पेशंटांच्या बाबतीत हेच लिहिलं आणि त्याला ‘व्हीआयपी सिंड्रोम’ असं नाव दिलं. माझंच ऐका. एकदा रात्री पोटात वरच्या बाजूला जळजळ, घाम. दुसऱ्या दिवशी मित्राच्या हॉस्पिटलात गेलो. मित्र पॅसेजमध्येच भेटला. “काय रे, ॲसिडिटी? काल मासे जास्त झाले असतील.” पाठीवर थाप, एक गोळी, चहा. मी खूष, रांग नाही, पैसे नाहीत. दहा दिवसांनी कोल्हापुरात, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं, तिथे केसपेपर काढून बसलो. तिथल्या पोरीने नाव-गाव न विचारता आधी बीपी घेतलं आणि ईसीजीची पट्टी काढली. ॲटॅक येऊन गेलेला होता. मित्राच्या हॉस्पिटलात रांगेत बसलो असतो तर तिथेही माझा ईसीजी निघालाच असता, कारण छाती-पोटाचं सांगणाऱ्या प्रत्येकाचा निघायचा. फक्त माझा नाही.

जांभा_दगड (सावंतवाडी)

एवढं काय त्यात? जग असंच चालतं. बँकेत ओळख लागते, गणपतीत रेल्वेच्या तिकिटाला ओळख लागते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत मंत्र्याला कधी रांगेत पाच तास उभा राहिलेला बघितलात? शिक्षकाचा मुलगा शाळेत पुढच्या बाकावर बसतोच. डॉक्टरने डॉक्टरचं बघायचं नाही तर कुणी बघायचं?

गुरुवारची_नोंदवही

देवी चार वाजता घाट चढून कोल्हापूरला जात नाही.

सिस्टर_२३_वर्षं (ग्रामीण रुग्णालय, दक्षिण रत्नागिरी)

जांभादादा, सगळ्याला एक माप लावू नका. रात्रपाळी करून, दोन बाळंतपणं काढून सकाळी आठला सुटलेली आमची मुलगी तापाने फणफणलेली असेल तर तिला मी केसपेपरच्या रांगेत उभी करणार नाही. आधी घेणार. आणि रांगेतल्या लोकांना मोठ्याने सांगून घेणार. पण आमच्याकडे ‘स्टाफला आधी’ म्हणतात तेव्हा स्टाफ म्हणजे कोण, हे एकदा बघा. सिस्टर चालते, फार्मासिस्ट चालतो, क्लार्क तर पळत येतो. सफाईवाली मावशी, जी कोविडमध्ये वॉर्डात आमच्याआधी शिरली, ती आजही रांगेत उभी असते. तिला कुणी ‘नको’ म्हटलेलं नाही. तिला वाटतच नाही की तो शब्द तिच्यासाठी आहे.

आता ताई, तुमच्यावरच येते. रागावू नका. पाय सुजलेला, धाप लागणारा माणूस तुमच्या वहीत ३१ वर का? ‘अ’ एकही नसता तरी तो ३१ वरच राहिला असता ना? दहाला आला म्हणून ३१, हाही काही न्याय नव्हे. पहिली तर त्याच्या वाडीजवळून किती वाजता सुटते त्यावर त्याचं हृदय अवलंबून नाही.

आमच्याकडे भातकापणीच्या दिवसांत फुरसं (विषारी साप) चावलेली माणसं येतात. त्यांचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घालून २० मिनिटं न हलवता ठेवतो. गोठलं तर थोडा श्वास घेतो, नाही गोठलं तर सापाच्या विषावरची लस लावतो. एकदा अशीच नळी ठेवलेली असताना एका पुढाऱ्याचा फोन आला, त्यांच्या माणसाच्या बोटाला काच लागली होती, आधी घ्या म्हणून. मी म्हटलं, साहेब, माझ्यासमोर नळी आहे, ती कुणाचा फोन उचलत नाही. त्यांना काय समजलं देव जाणे, पण फोन ठेवला. म्हणून सांगते, ‘कोणाचं माणूस’ हा प्रश्न मागून विचारा. आधी विचारा धाप आहे का, छातीत दुखतंय का, चक्कर आली का. हे विचारायला डिग्री लागत नाही. तुम्ही अकरा वर्षं बाकडं बघताय, तुम्हाला तोंड बघून कळतं. मग द्या ना त्यांना ‘अ’.

पेन्शनीतला_एमबीबीएस

सिस्टर, अगदी. नेपोलियनच्या सैन्यात लारे म्हणून सर्जन होता. जखमींना उचलताना हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची, असा त्याचा नियम. सेनापतीच्या ओरखड्याआधी शिपायाचा तुटलेला पाय. बादशहाच्या फौजेत जे जमलं ते आमच्या तालुक्यात का जमू नये, असं मला आता निवृत्तीनंतर वाटतंय. तेव्हा वाटलं नाही, हे खरं.

वेंगुर्ल्याचो_रिक्षावालो

मी आपला मालवणीतच लिवतंय. बापाशीक घेवन गोंयात एका मोठ्या हॉस्पिटलात गेलेलंय. बसून बसून ढुंगणाक मुंग्ये इले. मधीच एक बाय आमच्या फुडसून सरळ आत गेली. माका असो राग इलो काय विचारू नको. इतक्यात थंयची सिस्टर भायर इली आनि सगळ्यांका सांगल्यान, “ती आमचीच हा, रातपाळी करून इली हा, सांजेक परत ड्युटी हा, पाच मिनटां द्या.” झाला. कोण एक शब्द बोलला नाय. उलट आमचो बापूस म्हणता कसो, “जाव दे रे तिका आदी.” तुमी त्या ३१ नंबराक सांगलास काय, कोण फुडे गेलो नि कित्या? सांगूक लाज वाटत असात तर मगे समजा काय ता.

नाव_नको_एमडी (सिंधुदुर्ग)

मी चार वर्षांपूर्वी मुंबईहून परत येऊन प्रॅक्टिस सुरू केली. इथे सगळे ‘रीत’, ‘मान’ वगैरे बोलताहेत, म्हणून जरा कडू लिहिते.

गावातल्या डॉक्टरांच्या आईंना आधी घेतात ते हिपोक्रेटिससाठी नाही. ते डॉक्टर महिन्याला दहा पेशंट त्या कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे पाठवतात म्हणून. मी नवी असताना मला एका ज्येष्ठांनी प्रेमाने सांगितलं होतं, “त्यांच्या घरचं माणूस बसवून ठेवू नकोस, पुढे रेफरन्स येणार नाहीत.” पैशाचं पाकीट नसतं, नंबराचं पाकीट असतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, विंचूदंशावरच्या कामासाठी सगळे ओळखतात ते, एका तपासणी केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा चेक परत करून मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली होती. चेक तरी परत करता येतो. ‘अ’ नंबर कुठे परत करणार? वर काकांनी २००२ च्या नियमांतलं चौथं प्रकरण सांगितलं, त्याच नियमांत ६.४ ला पेशंट पाठवण्याबद्दल काहीही घेणं-देणं चालत नाही असं आहे. नंबर हे ‘देणं’ आहे की नाही, यावर आमच्या असोसिएशनच्या जेवणात कधीच चर्चा होत नाही. तिथे सुरमई असते.

मी काय करते, ते सांगते. मोठेपणा म्हणून नाही, मला झेपलं म्हणून. सहकारी किंवा त्यांचं कुणी असेल तर ओपीडीच्या आधी, आठ वाजता. फी घेत नाही, पण माझी झोप जाते आणि त्यांचीही. बीपी, वजन, ईसीजी सगळं इतरांसारखं. आठ म्हटल्यावर निम्मे लोक “नको, इतकं काही नाही” म्हणतात. खरंच इतकं काही नसतं. दोन डॉक्टरांनी मात्र माझ्याकडे पेशंट पाठवणं बंद केलं, हेही लिहून ठेवते. कर्ज आहे माझ्यावर, मशीनचं.

गुरुवारची_नोंदवही

सगळ्यांचं वाचलं. सिस्टरचं दोनदा. रिक्षावाल्या दादांचं वाचून आधी हसू आलं आणि मग आलं नाही. नाही हो, सांगितलं नव्हतं मी बाबांना.

परवाच्या गुरुवारी दोन पेशंटांच्या मध्ये वही उघडून डॉक्टरांसमोर ठेवली. जुलैचं पान. म्हटलं, ह्या नऊ जणांत स्वतः डॉक्टर दोन आहेत आणि ह्या खालच्या चार जणांना मी परत पाठवलं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, “मला वाटायचं तू ॲडजस्ट करतेस.” मी म्हटलं, “मी ॲडजस्टच करते, म्हणून तर ते चार जण गेले.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढचा पेशंट दार ढकलून आतसुद्धा आला.

संध्याकाळी निघताना जिन्यावर थांबून म्हणाले, डॉक्टरांच्या माणसांना पावणेनऊला बोलव, त्याआधी मी पोचेन. अकरा वर्षांत ते सव्वानऊच्या आधी आलेले मी बघितलेले नाहीत. पावणेनऊला पोचायचं तर कोल्हापुरातून पहाटे निघायला हवं, आणि घाटात दूधवाले टेम्पो असतात. बघू. एक फोन आलाच आहे, त्यांना वेळ सांगितली, तर म्हणाले, “आमच्या आईला इतक्या लवकर आंघोळ होत नाही.” साधा नंबर घेणार का विचारलं. फोन ठेवला त्यांनी.

वहीत आता आणखी एक खूण केली आहे. लाल टिंब. धाप, छातीत दुखणं, चक्कर, सूज. डॉक्टरांनी स्वतः ती चार नावं पानाच्या वर लिहून दिली आहेत. लाल टिंबाला पुढे घेताना बाकड्यावर सांगते. पहिल्या दिवशी एक जण म्हणाला, मलाही धाप लागते. मी म्हटलं, जिना चढून आलात म्हणून, बसा पाच मिनिटं. पाच मिनिटांनी नव्हती. पुढे असं किती जणांना लागेल, त्याचं काय करायचं, सिस्टर, तुम्ही सांगा.

आणि आत्याचा फोन आला होता, बीपीची तपासणी आहे म्हणून. तिला १४ नंबर दिलाय. माझ्याशी बोलत नाहीये.